गल्लीतलं चायनीज, मोमो, रामेन आणि बोबा: खान्देशात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी राहते जळगावला, माहेर भुसावळचं, नणंद धुळ्यात देवपूरला, त्यामुळे या तिन्ही गावांत संध्याकाळी लागणाऱ्या गाड्या आणि गेल्या काही वर्षांत उघडलेले छोटे कॅफे यातलं बरंच खाऊन झालंय. ऑफिसातल्या मुली, शेजारच्या काकू, भाचे कंपनी सगळे तेच तेच विचारतात म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. दुकानांची नावं मुद्दाम दिली नाहीत, कारण गाडीवरचा कुक बदलला की चव बदलते, नाव तेच राहतं.

पहिल्यांदाच एखाद्या गाडीवर जातोय, काय मागवू?

हाफ व्हेज हक्का नूडल्स, साधे, शेजवान न टाकता. हे मी अगदी मनापासून सांगते. ट्रिपल शेजवान, पनीर चिली, मंचुरियन यांच्यात सॉस इतका असतो की कुकचा हात कळतच नाही. साध्या हक्कात लपायला जागा नसते, सोया सॉस, व्हिनेगर, मिरपूड, लसूण, कोबी, सिमला मिरची आणि कांद्याची पात, बस. नूडल्स एकमेकांना चिकटलेत का, कोबी कुरकुरीत राहिलाय का की पाणी सुटून मेलाय, खाली तेल साचलंय का, सगळं दोन घासांत समजतं.

आणि शक्य असेल तर कढईच्या बाजूला उभं राहून बघा. जळगावात महाबळकडे एका गाडीवर एक नेपाळी दादा आहे, त्याचा बर्नर सुरू झाला की बोलणं ऐकू येत नाही इतका आवाज. लोखंडी कढई आधी धूर येईपर्यंत तापवतो, मग तेल, मग लसूण, लसूण टाकल्यावर तीन-चार सेकंदांत भाजी, आणि त्याच पळीने सॉसच्या स्टीलच्या डब्यांत न बघता टोक बुडवत जातो, सोया थोडा, व्हिनेगर त्याहून थोडा. सोया कढईच्या कडेवर सोडतो, नूडल्सवर नाही. गरम लोखंडावर तो सॉस जळल्यासारखा होतो आणि तो जो धुरकट वास येतो ना, तीच खरी चव. घरच्या गॅसवर नॉनस्टिकमध्ये ती येत नाही, कितीही महागाचा सॉस आणला तरी.

पण हे खरं चायनीज आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा सूर असा असतो की "नाही" म्हटलं की विषय संपला. नाही संपत. कोलकात्यात चिनी लोकांची वस्ती अठराव्या शतकाच्या शेवटापासून आहे, त्यात हक्का समाज मोठा, त्यांचे चामड्याचे कारखाने टांगरा भागात होते आणि तिथल्याच खाणावळींमधून आपल्याकडचं हे चायनीज तयार झालं, आपल्या हिरव्या मिरच्या, आपलं आलं-लसूण आणि त्यांचा सोया सॉस. गाडीवरच्या पाटीवर "हक्का" लिहिलेलं असतं ते त्या समाजाचं नाव आहे.

मंचुरियनचं श्रेय नेल्सन वांग यांना दिलं जातं, कोलकात्यात जन्मलेले, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात 1975 मध्ये त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून तळलेलं चिकन त्यात सोडलं असं सांगतात. चीनच्या मंचुरिया भागाशी या पदार्थाचा काही संबंध नाही.

माझ्या आईला पहिल्यांदा व्हेज मंचुरियन ग्रेव्ही खाऊ घातली तेव्हा ती म्हणाली हे तर डुबुक वडेच की. आणि बरोबर आहे तिचं, गोळा रश्श्यात, रस्सा दाट, सोबत भात नाहीतर भाकरी. आपल्याकडे बेसन आणि काळा मसाला, तिकडे कोबी आणि सोया. पन्नासेक वर्षं झाली हा पदार्थ आपल्या देशात शिजतोय, त्याला खोटं म्हणायचं मला तरी पटत नाही.

शेजवान म्हणजे नेमकं काय? आणि आमच्याकडे सगळे "तिखट जास्त टाक भो" का म्हणतात?

शेजवान म्हणजे सिचुआन, चीनचा नैऋत्येकडचा प्रांत. तिथलं जेवण तिखट असतंच, पण त्यांची खासियत मिरची नाही, सिचुआन मिरी आहे. तिने जीभ आधी झिणझिणते, मग बधिर झाल्यासारखी होते. कोकणातले लोक माशाच्या आमटीत तिरफळ घालतात ना, ते त्याच वंशातलं झाड. आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत ही मिरी जवळजवळ कधीच नसते, ती असते सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, व्हिनेगर, तेल. म्हणजे आपल्या लसणाच्या चटणीची सख्खी बहीण, म्हणून तर ती आपल्याला इतकी आवडते.

आता तिखटाचं. आपण ठेच्यावर वाढलेली माणसं, नंदुरबारच्या मिरची बाजारात पथारीवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या बघितल्या तरी आपल्याला भूक लागते. त्यामुळे गाडीवर गेलं की सवयीने जास्त तिखट सांगतो. माझं म्हणणं एवढंच की एकदा, फक्त एकदा, तिखट कमी सांगून बघा. शेवभाजीत तिखटाच्या मागे काळा मसाला असतो, खोबरं भाजलेलं असतं, कांदा भाजलेला असतो, म्हणून तिथं तिखट शोभतं. नूडल्समध्ये मागे फक्त सोया आणि तो कढईचा धूर असतो, त्याच्यावर तीन चमचे चटणी पडली की तो मरतो. माझ्या भावाला हे पटायला दोन वर्षं लागली, आता तो चटणी बाजूला वाटीत मागतो.

ग्रेव्ही घ्यावी का ड्राय?

भाताबरोबर ग्रेव्ही, नुसतं खायचं असेल तर ड्राय. ग्रेव्ही चमच्यातून लोंबत असेल तर कॉर्नफ्लोअरचं पाणी जास्त झालंय.

मंचाव सूपवरचे तळलेले नूडल्स आधी खायचे का मिसळायचे?

शेवभाजीत शेव कधी टाकता? अगदी जेवायला बसताना ना? तेच इथे. अर्धे वर टाका, चार चमचे सूप प्या, मग उरलेले. काही ठिकाणी ते आधीच सूपमध्ये टाकून आणतात आणि टेबलावर येईपर्यंत त्यांचा लगदा झालेला असतो, म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं, नूडल्स वेगळे द्या भाऊ. मंचाव हे मला वाटतं आपल्या गाड्यांवरचं सगळ्यात कमी लेखलेलं आयटम आहे, डिसेंबरच्या रात्री मेहरूण तलावाकडून गार वारा सुटलेला असताना उभ्याने प्यालेलं मंचाव, आलं-लसूण घशात उतरताना जाणवतं.

अजिनोमोटो घालतात, ते विष आहे का हो?

नाही. 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्या चवीला उमामी नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो या नावाने विकायला आलं. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत नैसर्गिकरीत्या असतं. आज ते ऊस, मका किंवा टॅपिओका या कंदपिठाच्या साखर-स्टार्चला आंबवून बनवतात. भीती पसरली ती 1968 नंतर, एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं होतं की चायनीज जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं. नंतर ज्या चाचण्या झाल्या, खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत नाही कशात काय आहे अशा, त्यात ठामपणे काही सापडलं नाही. उपाशीपोटी एकदम 3 ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काहींना थोडा वेळ डोकं दुखणं वगैरे होऊ शकतं, प्लेटमध्ये एवढं क्वचितच असतं.

माझ्या मते खरी काळजी मिठाची करा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलीग्रॅम सोडियम असतं आणि दिवसभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना 2000 मिलीग्रॅमच्या आत सांगते. घरात बीपीचं माणूस असेल तर सोया कमी टाका असं सांगा, अजिनोमोटोपेक्षा ते महत्त्वाचं.

मंचुरियनचा लालभडक रंग कशाचा?

काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची भिजवून वाटली की छान लाल रंग येतो, पण तो विटकरी लाल असतो. बोटाला लागला आणि साबणाने धुतला तरी गुलाबी राहिला तर तो डब्यातला रंग आहे. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदीच घातली, तपासणीत नमुने खराब निघाले म्हणून. आपल्याकडे गाडीवाल्याला "रंग नको टाकू भाऊ" म्हटलं की बहुतेक जण ऐकतात, मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. मुलांसाठी घेताना तर सांगाच.

फ्राईड राईस शिळ्या भाताचा असतो का?

असतो, आणि गार भाताचाच चांगला होतो, गरम भात कढईत टाकला की चिकट गोळा होतो. पण गार भात आणि बाहेर राहिलेला भात यात फरक आहे आणि आपल्या गावांत हा फरक जिवाशी आहे. भातात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास उघड्यावर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा परतल्यावरही जात नाही. आता जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, अशात दुपारचा भात रात्री आठपर्यंत पातेल्यात.

मी हे भोगलंय. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मे महिन्यातच एग फ्राईड राईस खाल्ला, चवीला उत्तम होता, वासही काही वेगळा नव्हता, आणि तीन तासांत उलट्या सुरू, रात्रभर आई मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलेली. तेव्हापासून एप्रिल ते जून मी गाडीवर भात खातच नाही, नूडल्स खाते, आणि खायचाच झाला तर फ्रीज दिसतोय का, भात त्यातून काढला का ते बघते. विचारायला लाजू नका.

मोमो स्टीम का फ्राय? आणि चांगला मोमो ओळखायचा कसा?

स्टीम. तळलेला मोमो म्हणजे मैद्याची करंजी झाली, ती आपली आई जास्त चांगली करते. मोमो मूळ तिबेट-नेपाळकडचा, थंड प्रदेशातला, वाफेवर शिजणारा. आवरण इतकं पातळ हवं की आतल्या भाजीचा रंग बाहेरून थोडा दिसावा, चुण्या जिथे एकत्र येतात तिथला गाठोड्यासारखा भाग कच्चा लागता कामा नये. चावल्यावर आत थोडा रस असला पाहिजे. खूप ठिकाणी कोबी आधीच मीठ लावून पार पिळून टाकतात, मग आत नुसता चोथा.

आईला मोमो दिले तर तिने वाफेच्या भांड्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली फुणक्यांसारखं आहे की. तुरीच्या डाळीचे फुणके वाफवून कढीबरोबर खाणाऱ्या बाईला वाफेचं वेगळं काय सांगणार. पण चटणी तिला पसंत पडली नाही, नुसती लाल आणि तिखट होती. नेपाळी पद्धतीत टोमॅटो भाजून त्यात तीळ वाटतात, तशी चटणी मिळाली तर सोडू नका. आता आमच्या घरी मोमोबरोबर तिळाची चटणी ताकात कालवून घेतात, जमतं.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. थाई, कोरियन, जपानी ठिकाणी काय विचारायचं?

इथे नीट वाचा, कारण मेनूवर हिरवा ठिपका असूनही सर्व्ह करणाऱ्या मुलाला माहीत नसतं. थाई करी पेस्टमध्ये बऱ्याचदा सुक्या कोळंबीची पेस्ट असते. ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क. पॅड थाई या परतलेल्या नूडल्समध्ये फिश सॉस. किमची म्हणजे कोरियन आंबवलेलं लोणचं, त्यात कोबी असला तरी पारंपरिक पद्धतीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस घालतात. जपानी मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, शाकाहारी वाटतं पण त्याचा दाशी नावाचा बेस सुक्या माशाचा असतो. नूडल्समध्ये अंडं आहे का तेही विचारा. या सगळ्यांचे शाकाहारी प्रकार मिळतात, फक्त "बाटली दाखवता का" म्हणायचं, लेबल वाचायचं. चांगला मालक स्वतः आणून दाखवतो. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर गाडीवर जाऊच नका, कढई तीच असते.

थाई जेवणातली एक गोष्ट मात्र आपल्या अंगणातली आहे, लेमनग्रास, म्हणजे आपला गवती चहा. टॉम यम सूपचा पहिला घोट घेतला की पावसाळ्यातल्या घरच्या चहाचा वास येतो आणि मग आंबट-तिखट मागून येतं. धुळ्यात नणंदेने घरी केलं होतं, गवती चहाच्या काड्या ठेचून, लिंबाची पानं, मशरूम. गलंगल, म्हणजे आल्यासारखा थाई कंद, मिळालं नाही म्हणून आलं घातलं. हॉटेलपेक्षा छान झालं होतं.

कोरियन रामेन एवढं गाजतंय, घ्यावं का?

रामेन म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, पण कॅफेत जे मिळतं ते बहुतेक वेळा पाकिटातलंच असतं, वर अंडं नाहीतर चीज. ते कळून घ्या आणि मग पैसे द्या. इन्स्टंट नूडल्सचा शोध जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी 1958 मध्ये लावला, नूडल्स तेलात तळून वाळवायच्या म्हणजे गरम पाण्यात लगेच फुलतात. पाकीट वाईट नाही, पण घरी निम्म्याहून कमी खर्चात होतं. ज्या जागी रस्सा स्वतः उकळतात तिथे आवर्जून जा, अशी एकच जागा मला सापडलीये.

गोचुजांग आपल्याला गोड वाटणार हे आधीच सांगते, ती मिरची, चिकट तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली पेस्ट असते, तिखट हळूहळू चढतं. किमची पहिल्यांदा वासानेच बाजूला सारली जाते. तेल नसलेलं लोणचं समजा, मीठ आणि वेळ यांनी मुरलेलं. तिसऱ्या वेळेला मला आवडली.

बोबा टी उपवासाला चालतो का?

हा प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला आणि मला फार आवडला. बोबा म्हणजे दुधाच्या गार चहाच्या तळाशी असतात ते काळे मोती, टॅपिओकाचे, म्हणजे कसावा या कंदाच्या पिठाचे. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, तमिळनाडूत सेलमकडे बनतो. म्हणजे तैवानमध्ये 1980 च्या दशकात सुरू झालेला बोबा आणि एकादशीची खिचडी एकाच मुळाची. पण कॅफेतल्या पावडरी, सिरप, रंग यात काय काय असतं सांगता येत नाही, म्हणून काकूंना मी नाही म्हटलं, पारण्याच्या दिवशी घेऊन गेले.

चांगला बोबा बाहेरून मऊ आणि मधे किंचित चिवट लागतो, दाताला चिकटत नाही. शिजवून काही तास झाले की मोती कडक होतात, त्यामुळे दुपारी चार-पाचला, गर्दी सुरू होताना जा. साखर तीस टक्के सांगा, पूर्ण साखरेत चहा लागतच नाही.

सोबत प्यायला काय?

गाडीवर लिंबू सोडा, खारा. तेलकट जिभेला दुसरं काही इतकं साफ करत नाही. कोल्ड्रिंकने शेजवानची आग शमत नाही, उलट बुडबुड्यांनी वाढते. आग शमवायला दूध-दही, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, म्हणून काहींना बघितलंय शेजारच्या डेअरीतून ताकाची पिशवी घेऊन बसलेले, अगदी बरोबर करतात. कॅफेत व्हिएतनामी कॉफी मिळाली तर घ्या, गाळणीतून थेंब थेंब पडणारी कडक कॉफी आणि खाली कंडेन्स्ड मिल्क, ती ढवळून बर्फावर ओतायची, आपल्या उन्हाळ्याला हे पेय शोभतं.

चॉपस्टिक यायलाच हव्यात का?

नाही. थाई लोक भात चमच्यानेच खातात.

पार्सल आणलं तर चव जाते, काय करू?

डब्याचं झाकण किलकिलं ठेवायला सांगा नाहीतर वाफेने सगळं ओलं होतं. ग्रेव्ही आणि गोळे वेगळे. घरी मायक्रोवेव्ह नको, लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा आणि नूडल्स एक मिनिट फिरवा. दहा मिनिटांपेक्षा लांबचं असेल तर तिथंच बसून खा.

वर्षातून कधी सगळ्यात छान लागतं?

डिसेंबर-जानेवारी. कारण कांद्याची पात. त्या दिवसांत आपल्याकडे भरिताची धूम असते, वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली जातात, आणि भरितात पात लागतेच, म्हणून बाजारात पातीचे ढीग असतात, कोवळी, खाली पांढरा गोल कांदा अजून बोटाएवढा. तीच जुडी संध्याकाळी गाडीवर जाते. उन्हाळ्यात पात जाड, पोकळ आणि उग्र होते, कुक ती कढईत मारून टाकतो. थंडीत मात्र गॅस बंद केल्यावर वरून टाकतात, ती तशीच हिरवी राहते आणि चावली की गोड लागते. महाबळच्या दादाला फक्त "पात वरून जरा जास्त" म्हणायचं, तो मूठभर टाकतो, पैसे वेगळे घेत नाही.